पॉली-फिल्टर पॅड आणि क्युप्रिसॉर्ब: रीफ टँकमधून धातू काढताना वापरून बघितलं

पॉली-फिल्टर हे पाण्यातले धातू शोषून घेणारं पॅड मी हौसेने नाही, नाइलाजाने घेतलं. माझ्या रीफ टँकमधल्या, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या, गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडायला लागल्या, उलट्या पडल्या की परत सरळच होईनात, दोन दिवसांनी टॉर्च कोरल (एक प्रवाळ) आकसलं ते उघडेचना, आणि मासे मात्र मजेत, खाणं टाकलं की सगळ्यात पुढे. पाण्याचा खारेपणा, अल्कलिनिटी, नायट्रेट सगळं जागच्या जागी. मासे ठणठणीत आणि बाकीचे जीव माना टाकतायत असं दिसलं की आधी तांब्यावर संशय घ्यायचा, कारण माशांना औषध म्हणून लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं देतात आणि ते त्यांना सोसतं, पण कोरल, कोळंबी, गोगलगायी त्याच्या कितीतरी आधीच राम म्हणतात.

तांब्याचं टेस्ट किट लावलं, शून्य आलं, आणि मी गाढवासारखा निर्धास्त झालो. अहो ती किटं औषधाचा डोस मोजायला असतात, समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरमागे एक मायक्रोग्रॅमसुद्धा नसतं, तिथे ते किट काय दाखवणार डोंबल! मग आयसीपीला, म्हणजे पाण्यातला एकेक धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला, नमुना पाठवला, पण रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसवेना म्हणून पॉली-फिल्टर आणलं.

दिसायला साधा पांढरा चौकोन. गंमत रंगात आहे, तांबं धरलं की निळसर, लोखंड धरलं की नारिंगी. पहिलं पॅड मी सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या वेगळ्या टाकीत, नुसतं सोडून दिलं, पाणी त्याच्या बाजूने गेलं, वर घाण बसून चहा गाळायच्या फडक्यासारखं तपकिरी झालं, चूक माझीच. दुसरं सॉकच्या, म्हणजे पाणी गाळायच्या कापडी पिशवीच्या पुढे, गाळलेलं पाणी येतं तिथे घट्ट बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून कात्रीने मधोमध कापलं तर आत गंजासारखा नारिंगी पट्टा, आणि चार दिवसांनी कडेला अगदी फिकट निळी झाक.

नारिंगी बघून ट्यूब पेटली. पंपांचे चुंबक, पाइपाचे क्लॅम्प, हीटर, सगळं उपसून बघितलं, डीआय रेझिन (टँकसाठीच्या पाण्यातले क्षार काढणारे मणी) संपलंय का म्हणून त्या पाण्याचा टीडीएसही (विरघळलेले क्षार) मोजला, तो शून्य. शेवटी सापडलं काय, तर काच घासायच्या चुंबकाच्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर! नखाने दाबलं तर तपकिरी पाणी झिरपलं. हे निओडिमियम चुंबक म्हणजे बरंचसं लोखंडच, वरून निकेल-तांबं-निकेलचा मुलामा, म्हणजे एका चिरेतून तिन्ही धातू टँकमध्ये. नंतर आलेल्या आयसीपी रिपोर्टमध्येही हेच तिघं वर होते.

आता क्युप्रिसॉर्ब. हे धातू धरणाऱ्या रेझिनचे बारीक मणी, जाळीच्या पिशवीत घालून जोराच्या प्रवाहात ठेवायचे. रंगावरून निदान करायला पॅड बरं, पण लांब पल्ल्याच्या कामाला हे जास्त आवडलं, कारण तांबं खडकात आणि वाळूत मुरून बसतं आणि पाणी साफ झालं की हळूहळू परत सुटतं, ते हे धरत राहतं. भरलं की मणी काळपट निळे होतात, आणि आम्लात धुऊन परत वापरता येतात असं कंपनी सांगते, मी अजून त्या भानगडीत पडलो नाही.

पाणी बदलायचं सोडू नका हां. पण नुसत्या त्याच्यावर विसंबलात तर गणित बघा, पंचवीस टक्के पाणी चार वेळा बदललं तरी बत्तीस टक्के धातू आतच, आणि तेही खडकाने काही परत सोडलं नाही असं धरून. आणि टँकमध्ये नवीन घालायचं पाणी आधी तपासा, नाहीतर बादलीनेच धातू ओताल.

पॅडकडून एक अपेक्षा ठेवू नका, किती धातू आहे ते ते सांगत नाही, नुसतं "आहे" म्हणतं, आकडा हवा तर आयसीपीच. आणि चिरलेलं चुंबक आत तसंच ठेवून पॅडवर पॅड बदलत बसलात तर तो खर्च पाण्यात, शब्दशः.

पॅडला पाचपैकी चार, रेझिनला साडेचार. गोगलगायी तीनच उरल्यात पण काचेवर चढतायत, टॉर्च अर्धं उघडतंय. काच सध्या जुन्या प्लॅस्टिक कार्डाने घासतोय, हात कोपरापर्यंत ओला होतो, चालतंय.