यात्रेच्या चित्रीकरणासाठी फोर-के २५ फ्रेम की फुल एचडी ५० फ्रेम?

लग्नकार्य किंवा यात्रा चित्रित करणाऱ्या पुष्कळांच्या कॅमेऱ्यात आजही असा पेच असतो, की फोर-के (फुल एचडीपेक्षा अधिक बारकाव्याचे चित्र) हवे तर सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे २५ स्थिर चित्रांवर, थांबावे लागते आणि ५० फ्रेम हव्या असतील तर फुल एचडीवर उतरावे लागते. माझा कॅमेरा त्यातलाच आहे आणि मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

फोर-केची बाजू भक्कम आहे. फुल एचडीत सुमारे २१ लाख बिंदू असतात, तर फोर-केच्या ३८४० × २१६० च्या चौकटीत सुमारे ८३ लाख. त्यामुळे गर्दीच्या दृश्यातून एखादा चेहरा पुढे कापून घेतला तरी तो फुटत नाही. मुलाखती, देवळांचे कोरीवकाम, केळीच्या बागा यांसाठी मी आजही तेच वापरतो.

अडले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला. दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजारात एका विक्रेत्याने आपल्या पांढऱ्या घोड्याची दुडकी चाल चित्रित करून मागितली. फोर-के, २५ फ्रेम आणि १/५० शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला सेकंदाचा पन्नासावा भाग) अशी जुळणी होती; आयाळीचा केस न् केस दिसत होता, परंतु खुरांच्या जागी नुसते पांढुरके फराटे उमटले. शटर १/२०० केल्यावर खूर स्वच्छ आले खरे, मात्र पाय एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या घेऊ लागले आणि घोड्याबरोबर कॅमेरा वळवला की मागचे तंबू धक्के खात सरकू लागले. घोडा पारखणारा माणूस चाल पाहतो, आणि नेमकी तीच हाती लागत नव्हती.

फुल एचडीत ५० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवल्यावर तोच घोडा सलग चालताना दिसला. हे चित्रण २५ फ्रेमवर पसरून निम्म्या वेगाने दाखवले, तरी प्रत्येक फ्रेम प्रत्यक्ष टिपलेली असल्याने खूर टेकण्याचा क्रम नीट मोजता येतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/१०० शटरला दुकानांतल्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याचे पट्टेही सहसा येत नाहीत. अर्थात १/५० लाही ती सोय आहेच.

ज्यांचे काम प्रामुख्याने स्थिर दृश्यांचे आहे, त्यांनी फोर-के घेण्यात काहीच वावगे नाही. मिरवणूक, शर्यत आणि नाच ज्यांच्या वाट्याला अधिक येतात, त्यांनी मात्र आधी ५० फ्रेमचा विचार करावा, असे मला वाटते. त्या विक्रेत्याला मी शेवटी फुल एचडीतलेच चित्रण दिले.