सहा इंची स्पायडरमॅन, नऊ महिन्यांनंतर : एका गुडघ्याची हकिकत

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी घेतलेल्या माझ्या सहा इंची स्पायडरमॅनचा, म्हणजे सांधे हलणाऱ्या त्याच्या प्लॅस्टिकच्या फिगरचा, उजवा गुडघा जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याच हातात तुटला. पावसाळ्यात ठाण्याला कोपरीतल्या आमच्या घरात खाडीकडची दमट हवा भरून राहते, म्हणून दर महिन्याला मी काचेचे कपाट रिकामे करून सगळ्या फिगर पुसून ठेवते. त्या रात्री ही फिगर पुसून झाल्यावर तिला पुन्हा उकिडवे बसवताना ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि पोटरीपासून खालचा पाय माझ्या डाव्या हातात वेगळा आला. या फिगरबद्दल ती घेतल्यावर महिन्याभरातच लिहावे असे माझ्या मनात होते. तेव्हा लिहिले असते तर नुसती स्तुती लिहिली असती, आणि ती वाचून कोणी पैसे खर्च केले असते तर त्याचा दोष माझ्याकडे आला असता.

फिगरची उंची, हातांच्या जोड्या, सांध्यांची संख्या हे सगळे वाचकांना ठाऊक असेल, म्हणून त्यात शिरत नाही. माझ्याबद्दल एवढेच सांगते की, मी वागळे इस्टेटमधल्या एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात एकोणीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि अकरा वर्षांत चौतीस फिगर जमवल्या आहेत. याच पोशाखातल्या स्पायडरमॅनची जुनी आवृत्ती माझ्याकडे आधीपासून आहे. ती वापरलेली, पण स्वस्तात मिळाली होती. तिची सुधारित आवृत्ती यावी म्हणून मी सहा वर्षे थांबले होते, आणि त्या सहा वर्षांत दुसरा एकही स्पायडरमॅन विकत घेतला नाही.

जुन्या आवृत्तीत खटकणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गुडघ्याच्या आणि कोपराच्या दोन्ही बाजूंना दिसणारी खिळ्यांची टोके. सांधा जिच्यावर फिरतो ती पिन मांडीतून आरपार घातलेली असते आणि तिची गोल टोके निळ्या पायावर वेगळ्याच निळ्या रंगात उठून दिसतात. पिनचे प्लॅस्टिक वेगळे, त्यात मिसळलेला रंग वेगळ्या दाण्याबरोबर (कच्चे प्लॅस्टिक दाण्यांच्या रूपात असते) आलेला, त्यामुळे दोन निळे रंग तंतोतंत जुळणे अवघडच असते. ही टोके दिसू नयेत ही संग्राहकांची जुनी मागणी, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच सहा इंची फिगरमध्ये ती पूर्ण झाली आहे. आता मांडी आणि पोटरी दोन अर्ध्या भागांत ओततात, पिन आत बसवतात आणि दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर कायमचे बंद करतात. बाहेरून पाहणाऱ्याला सलग पाय दिसतो.

पहिले सात-आठ महिने मला या सलग पायाचे फार कौतुक होते, आणि आज राग असला तरी ते कौतुक मी मागे घेणार नाही. लाल भागावरच्या जाळ्याच्या रेषा छातीवरून खांद्याच्या सांध्यावर जातात तिथे एकही रेघ चुकलेली नाही. भिंगाखाली पाहिल्यावरही फक्त डाव्या बगलेजवळ अर्धा मिलिमीटर शाई पसरलेली आढळली. आमच्याकडे असे छापकाम मंजूर होऊन पुढे गेले असते. घोटा तर मी आजवर हाताळलेल्या फिगरमधला सर्वांत चांगला आहे, कारण तो पुढे-मागे वाकतोच, शिवाय आतल्या-बाहेरच्या बाजूला इतका कलतो की पाय कितीही फाकवले तरी तळवा जमिनीला सपाट टेकतो.

स्पायडरमॅनच्या बाबतीत घोटा आणि गुडघा यांना इतके महत्त्व का, हे एकदा नीट सांगायला हवे. ऑगस्ट १९६२ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांनी कॉमिकमधून हे पात्र प्रथम वाचकांसमोर आणले, आणि डिट्को यांनी त्याला बाकीच्या वीरांसारखे छाती काढून उभे केले नाही. किडकिडीत अंगाचा, गुडघे छातीशी घेऊन भिंतीला चिकटलेला, छताच्या कडेवर उकिडवा बसलेला असा तो काढला. बाकीच्या बहुतेक सुपरहिरोंच्या फिगर सरळ उभ्या ठेवल्या तरी शोभतात. स्पायडरमॅन सरळ उभा ठेवला की तो नुसता रंगीत कपडे घातलेला माणूस वाटतो, आणि ज्याचा गुडघा पूर्ण मिटत नाही तो माझ्या लेखी स्पायडरमॅनच नव्हे. म्हणून माझ्या कपाटात तो कायम उकिडवाच असतो, आणि म्हणूनच तुटायचे होते ते तिथे तुटले.

तुटल्यावर काय झाले ते थोडक्यात लिहिते, कारण त्यात शिकण्यासारखे फारसे नाही. विकणाऱ्याने परत घेण्याची मुदत दहा दिवसांची होती असे कळवले. कंपनीला फोटोंसह दोन पत्रे पाठवली. पहिल्याला स्वयंचलित उत्तर आले आणि दुसऱ्याला भारतात बदली भाग पाठवण्याची सोय नाही असे उत्तर आले. फिगरला मी ३,४५० रुपये मोजले होते. आपल्याकडे खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे बाहेरच्या फिगरची किंमत इथे येईपर्यंत अशी चढलेली असते. देशात खेळणी बनावीत हा त्यामागचा हेतू मला माझ्या व्यवसायामुळे पटतोही. पण इतके पैसे घेऊन विकलेल्या वस्तूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बदलून मिळू नये, हे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी तुटलेला पाय डब्यात घालून मी कारखान्यात नेला. रागाच्या भरात माझे निदान ठरलेले होते : प्लॅस्टिक हलके, पुन्हा वितळवलेला दाणा वापरलेला, त्यामुळे तुकडा ठिसूळ झालेला. टूलरूममधल्या, म्हणजे साच्यांचे काम होते त्या विभागातल्या, मामांना तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला, भिंगाखाली दोनदा फिरवला आणि म्हणाले, “ताई, दाणा चांगला आहे. हा एका दिवसात मोडलेला नाही. ही पांढरी रेघ बघा.” तुटलेल्या कडेला निळ्या प्लॅस्टिकमध्ये एक अर्धवर्तुळाकार पांढरी रेघ होती, आणि फक्त तिच्या बाहेरचा भाग ताजा तुटलेला होता. एबीएस या कडक प्लॅस्टिकवर ताण पडला की ते तिथे पांढरे पडते, हे मी दररोज पाहते. तरीही स्वतःच्या वस्तूच्या वेळी मला ते सुचले नव्हते.

इथे मला माझे मत बदलावे लागले. गुडघ्यात मांडी आणि पोटरी यांना जोडणारा डमरूच्या आकाराचा एक तुकडा असतो; त्याच्या दोन टोकांना दोन भोके आणि त्यातून दोन पिन जातात. त्या तुकड्यावर आणि त्याला घासणाऱ्या पोटरीच्या आतल्या कडेवर रंग दिलेला असतो. रंग वाळताना दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आणि नवी फिगर खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा वाकवताना तो चिकटा सुटायच्या आधी आतला तुकडा पिळला जातो. पहिल्या दिवशी उजवा गुडघा घट्ट लागला होता हे मला आठवते. मी त्याला जोर दिला होता. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून मग हळू फिरवायचे, हे मी दुसऱ्यांना अनेकदा सांगितले आहे. आणि त्या दिवशी सहा वर्षांची वाट संपल्याच्या आनंदात मी स्वतः ते केले नाही. रेघ ऑक्टोबरात पडली आणि जुलैपर्यंत ती पुढे सरकत गेली. तेव्हा प्लॅस्टिक हलके होते हा आरोप मी मागे घेते. रंग चिकटला ही कारखान्याची चूक आणि थंड सांध्याला जोर लावला ही माझी.

मात्र प्लॅस्टिकवरचा राग गेला तरी दुसरा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. चूक कोणाचीही असो, तो डमरू बदलता का येऊ नये? जुन्या, खिळे दिसणाऱ्या आवृत्तीचाही गुडघा एकदा ढिला झाला होता. तेव्हा मी पातळ पंच लावून पिन हळूच ठोकून बाहेर काढली, भोकाला आतून पारदर्शक नेलपॉलिशचा एक थर दिला, रात्रभर वाळू दिला आणि पिन परत बसवली. पंधरा मिनिटांचे काम होते आणि चार वर्षे झाली, तो गुडघा आजही घट्ट आहे. नव्या आवृत्तीत ठोकायला टोकच नाही. जे दिसू नये म्हणून आपण सगळ्यांनी इतकी वर्षे आग्रह धरला, तोच आत शिरण्याचा एकमेव रस्ता होता, हे मला तुटलेला पाय हातात घेतल्यावर समजले.

माझ्या भावाकडे लहानपणी फनस्कूलने भारतात काढलेले पावणेचार इंची जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले सैनिक, होते. त्यांच्या पाठीत एक स्क्रू असे. तो काढला की धड दोन भागांत उघडे, आत कंबर धरून ठेवणारी काळी रबरी रिंग दिसे आणि ती वाळली की बदलता येई. आमच्या घरी ही रिंग बदलण्याचे काम माझ्याकडे होते. रचना १९८२ सालची, किंमत मुलांच्या खेळण्याची, आणि तरीही ते खेळणे दहा वर्षांच्या मुलीला घरातल्या पेचकसाने उघडता येत होते. त्याच्या कितीतरी पट किमतीच्या वस्तूत मला हे मिळू नये, याला सुधारित आवृत्ती म्हणायला माझे मन तयार होत नाही.

यापुढचा भाग ऑगस्टच्या अखेरीस लिहीत आहे. वरचा मजकूर लिहिला तेव्हा ‘ही फिगर घेऊ नका’ असेच माझे मत होते. मधल्या काळात पाय दुरुस्त झाला आहे.

मांडी आणि पोटरी गरम पाण्यात मऊ करून, शिवणीच्या रेषेवर पातळ पाते चालवून दोन्ही उघडल्या. आतला रंग पात्याने खरवडून काढला. मामांनी जेवणाच्या सुट्टीत काळ्या डेलरिनच्या (हे एक कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक) उरलेल्या कांडीतून नवा डमरू काढून दिला. मापे मी शाबूत असलेल्या डाव्या गुडघ्यावरून व्हर्नियरने घेतली होती, आणि तरी पहिला तुकडा जाड झाल्याने पुन्हा करावा लागला. पिनऐवजी राम मारुती रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानातून बिनफ्रेमच्या चष्म्याला लागतात ते लांब, बारीक स्क्रू नटांसह आणले. दोन स्क्रू, दोन नट, चाळीस रुपये. स्क्रूची डोकी पायाच्या आतल्या बाजूला ठेवली, त्यामुळे फिगर उकिडवी बसली की ती दिसत नाहीत. डेलरिनवर रंग टिकत नाही, म्हणून तुकडा काळाच राहिला. पण ज्यावर रंग धरत नाही त्यावर रंग चिकटून सांधा अडकण्याचाही प्रश्न उरत नाही. पोटरीच्या मागे शिवणीची रेघ केसाएवढी उघडी दिसते.

गेले साडेतीन आठवडे मी हा गुडघा मुद्दाम रोज मिटून उघडते आहे. तो डाव्या गुडघ्यापेक्षा जास्त मिटतो, इतका की टाच मांडीला टेकते, आणि सैल वाटला की स्क्रूला पाव फेरा दिला की पुरते. त्यामुळे ‘घेऊ नका’ हे मत मी बदलते. घ्यायची असेल तर किंमत ३,००० रुपयांच्या खाली आली की घ्या, आणि खोक्यातून काढल्यावर कोणताही सांधा हलवण्याआधी दोन्ही गुडघे आणि कोपरे गरम पाण्यात धरा. उकळते पाणी नको, चहा प्यायला घेतो तितके गरम पुरे. उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. बंद, गरम कपाटात मऊ पीव्हीसीतला तेलकट अंश वर येऊन फिगर चिकट होते. तशी झालीच तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. डांबराच्या गोळ्या कपाटात मुळीच नकोत.

पुढच्या आवृत्तीकडून बहुतेकांची अपेक्षा बगलेतल्या जाळीची आहे. डिट्को यांच्या मूळ चित्रात ती आहे, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांनी डोळे मोठे करून जाळ्याला नवे रूप दिले त्या धर्तीचा चेहराही पुष्कळांना हवा आहे. मलाही दोन्ही आवडेल. पण मी कंपनीला तिसरे पत्र पाठवले आहे ते फक्त गुडघ्याबद्दल, आणि सोबत हाताने काढलेली आकृती जोडली आहे : बाहेरच्या बाजूला सलग मांडी, आतल्या बाजूला निघणारी छोटी टोपी, टोपीखाली स्क्रू. साच्यात यासाठी फार मोठा बदल करावा लागणार नाही, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. नवी आवृत्ती जाहीर झाली की मी आधी तिच्या गुडघ्याचा आतल्या बाजूचा फोटो शोधेन आणि मगच पैसे बाजूला काढेन. तोवर दुरुस्त केलेली फिगर वरच्या कप्प्यात उकिडवी बसलेली आहे, काळा गुडघा काचेकडे करून.