नाकाचा स्प्रे: पाच महिने, सहा बाटल्या आणि एक भांडण

परवा सकाळी स्प्रे दाबला तर नुसतं फुस्स. बाटली कानाशी हलवली, आत औषध खुळखुळतंय! कॅलेंडर बघितलं, चोविसावा दिवस. १२० फवारे, दोन्ही नाकपुड्यांत रोज दोन-दोन, म्हणजे ३० दिवस चालायला हवी. साडेतीनशेची वस्तू, आणि बाटली अशी पांढरीफटक की आत किती उरलंय ते दिसतच नाही. रॉकेलची बाटलीसुद्धा याहून प्रामाणिक.

औषधाबद्दल तक्रार नाही. लालबागला आमच्या शेजारची चाळ पुनर्विकासाला पाडली तेव्हापासून घरात धूळच धूळ. आधी तीन महिने मी ऑक्सिमेटाझोलिनचे ड्रॉप्स घातले. ते चालत नाहीत असं नाही, फार चालतात. घरातून निघताना घातले की करी रोडला गाडीत चढेपर्यंत नाक मोकळं. तीन-चार दिवसांच्या वर घालू नका, हे ऐकलं होतं. पण बाटली अर्धी उरलेली, टाकवते कुणाला? पुढे नाक सर्दीने चोंदेना, ड्रॉप्सचा अंमल उतरला की चोंदायला लागलं. रात्री तीनला हात उशीखाली. सर्दीच्या गोळ्याही झाल्या. त्यातलं फेनिलेफ्रिन तोंडावाटे घेतलं तर चोंदलेल्या नाकाला उपयोगाचं नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्येच एकमताने सांगितलंय. झोप मात्र छान लागायची, ऑफिसात.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी ड्रॉप्स बंद करून मोमेटासोनचा स्प्रे दिला. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत, मधल्या पडद्यावर मारायचा नाही. पहिला आठवडा मी त्याला शिव्याच घातल्या, कारण हा लगेच काही करत नाही. ओव्याची पुरचुंडी हुंगत रात्री काढल्या. दहाव्या-अकराव्या दिवशी एकदम सकाळीच जाग आली. औषधाला पाचपैकी पाच, बाटलीला एक.

हे इथवर लिहून मेडिकलवाल्याकडे भांडायला गेलो. बदलून द्या म्हटलं. त्याने शांतपणे खोक्यातला कागद उलगडला. नवी बाटली सुरू करताना हवेत मारायचे फवारे त्या १२० मध्ये धरलेलेच नाहीत. तळाशी थोडं औषध उरणारच, कारण मोजके फवारे संपल्यावर दाबाल तेव्हा पुरी मात्रा येईलच असं नाही. मग विचारलं, "काका, रोज हवेत मारता का?"

मारतो. रोज सकाळी एक, पंप चालू आहे ना बघायला. तसं फक्त बरेच दिवस बंद ठेवला तर करायचं असतं.

म्हणजे दिवसाला पाच, आणि चोवीस पंचे १२०. बाटलीचा एक तारा मी वाढवून दोन केलाय, आरपार दिसेल तेव्हा तिसरा. सहा बाटल्यांचे १४४ फवारे बाथरूमच्या हवेत गेले, ही गोष्ट घरात अजून सांगितलेली नाही.