सोसायटीच्या विहिरीचं पाणी तपासायचं कशानं? टीडीएस मीटर, एच-टू-एस बाटली, किट की प्रयोगशाळा

पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जिवाणू सापडला आणि विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांची नजर गेली. ज्या सोसायटीची स्वतःची विहीर किंवा बोअर आहे, तिच्यासमोर तपासणीचे चार पर्याय असतात. चारही एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, आणि निवडताना घोळ होतो तो इथेच.

सगळ्यात जास्त भरवसा ठेवला जातो तो टीडीएस मीटरवर, आणि जंतूंच्या बाबतीत तो भरवसा साफ चुकीचा आहे. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आकडा 180 असलेल्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असू शकतं, आणि 900 चं पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक असू शकतं. तरीही मीटर ठेवावा. दर आठवड्याला एकाच नळाचा आकडा वहीत लिहिला आणि एरवी 600 असणारा आकडा पंधरवड्यात 850 वर गेला, तर कुठून तरी वेगळं पाणी येतंय किंवा पातळी खाली गेली आहे, एवढा इशारा मिळतो.

एच-टू-एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी बाटली, त्याच्या अगदी उलट. क्षारांबद्दल ती काहीच सांगत नाही, विष्ठेच्या प्रदूषणाबद्दल सांगते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत 1982 मध्ये मांडली. खुणेपर्यंत, बहुधा 20 मिली, पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि बाटली 30 ते 37 अंशांत ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर ते पिऊ नये. हिवाळ्यात खोली गार असते, म्हणून पूर्ण 48 तास थांबावं. दोन ठिकाणी ही बाटली फसवते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेल्या पाण्यात ती काळी पडत नाही, म्हणून नमुना थेट विहिरीचा, क्लोरीन पडण्याआधीचा हवा. आणि खोल बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर जंतू नसतानाही ती काळी होऊ शकते. वापरलेल्या बाटलीत टीसीएलचं पाणी ओतून ती तासभर ठेवावी, मगच फेकावी.

फील्ड टेस्ट किट रंग जुळवून पीएच, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट दाखवतं. शहरी विहिरीसाठी त्यातलं नायट्रेट खरं कामाचं, कारण मैलापाणी झिरपत असेल तर नायट्रेट चढतं. भारतीय मानक 10500 प्रमाणे मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. त्यावरचं पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या दुधात वापरू नये. उकळून नायट्रेट कमी होत नाही, पाणी आटल्याने वाढतंच. किटच्या रसायनांची मुदत मात्र पाहून घ्या.

प्रयोगशाळेचा अहवाल या तिन्हींपेक्षा पक्का, पण नमुना नीट घेतला तरच. जिल्ह्यातली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा, पुण्यातली राज्य आरोग्य प्रयोगशाळा किंवा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा चालेल. खासगीत जाताना मान्यता पाण्याच्या जैविक तपासणीसाठी आहे का, हे आधी विचारा; नुसता एनएबीएलचा शिक्का पुरेसा नाही. जंतूंसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली घ्यावी. तिच्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाची जाळी काढायची, तोंड स्पिरिटने पुसायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, बाटलीत वर बोटभर जागा ठेवायची. बर्फाच्या डब्यातून सहा तासांत पोचवलं तर उत्तम, 24 तासांपलीकडे गेलं तर नमुना बाद समजा. रासायनिक तपासणीचा कॅन वेगळा, तो त्याच पाण्याने विसळून भरायचा. अहवालात आधी ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू पाहा: 100 मिलीत एकही चालत नाही.

आमचा सल्ला: पैसे कमी असतील तर रासायनिक तपासणी वर्षातून एकदाच करा, पण जंतूंची तपासणी पहिल्या पावसानंतर चुकवू नका. पुण्याखालचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, भेगांचा आहे. वाळूच्या थरासारखं तिथे पाणी गाळलं जात नाही, फुटक्या ड्रेनेजचं पाणी भेगेतून थेट बोअरला लागतं. केसिंग पाइप (बोअरच्या तोंडापासून आत बसवलेला पाइप) कठीण खडकापर्यंत गेलेला नसेल किंवा जमिनीलगत कापलेला असेल, तर पावसाचं पाणीही तिथूनच उतरतं.

एका नमुन्यावर थांबू नका, एकाच दिवशी तीन घ्या: विहीर, तळटाकी आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा नळ. विहीर स्वच्छ आणि तळटाकी खराब निघाली तर दोष बहुधा टाकीच्या भेगेत किंवा शेजारच्या ड्रेनेज चेंबरमध्ये असतो. अशा वेळी नवं बोअर मारण्यात पैसे जातात आणि पाणी खराबच राहतं.

अहवालात जंतू निघाले तर दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळा आणि टाकीत टीसीएल टाका. 25 टक्के क्लोरीन असलेली पावडर 10,000 लिटरला 80 ग्रॅम घेतली की लिटरला 2 मिलिग्रॅम मात्रा पडते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ टाकीत ओता. अर्ध्या तासाने शेवटच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. ते पाहायला ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून केलेली चाचणी; क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पोतं उघडं राहिलेलं असेल तर क्लोरीन उडालेला असतो, मग 80 ग्रॅम पुरत नाहीत.

विहिरीतही टीसीएल टाकलं असेल तर फेरतपासणीचा नमुना तिच्या पाण्याला ओटीचा रंग येणं बंद झाल्यावरच घ्या. त्याआधी घेतला तर तपासणी पावडरीची होते, विहिरीची नाही.