गिअर बदलल्याची पावती

२०२३ च्या नोव्हेंबरात मी माझी २०१४ सालची जीप रँग्लर स्पोर्ट दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजात सोपवली. पुढच्या ईस्टरला युटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर ती न्यायची होती. त्या तयारीचे एकूण ११,४०० डॉलर मी मोजले आणि त्यातले ५,२०० डॉलर अशा कामाचे होते, जे कधी झालेच नाही. गॅरेजचे नाव मी इथे देत नाही, कारण प्रकरण पुरते मिटलेले नाही. काम न करता ते झाल्याचे कसे भासवले गेले, ते मात्र सविस्तर सांगतो. इथल्या मराठी मंडळींत अलीकडे अशा गाड्या घेणारे बरेच झाले आहेत आणि किमतीत घासाघीस करण्यात आपण कुणाला हार जात नाही. मीही दोनशे डॉलर कमी करून घेतले होते आणि त्या विजयाच्या भरात गाडीखाली वाकून पाहायचे राहून गेले.

आधी मुळात काय करून घ्यायचे होते, ते सांगायला हवे. मोआबच्या भोवतालचा गुळगुळीत दिसणारा तांबूस खडक म्हणजे प्राचीन वाळवंटाच्या वाळूच्या टेकड्यांचा झालेला दगड आहे. कोरडा असताना त्यावर रबर इतके घट्ट धरते की, घराच्या छपरासारख्या उतारावरही गाडी चढते. तिथे १९६७ पासून ईस्टरच्या आठवड्यात जीपवाले जमतात. ‘हेल्स रिव्हेंज’ किंवा ‘फिन्स अँड थिंग्ज’ यांसारख्या वाटांवर वेगाचा काही उपयोग नसतो. चाक माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश फिरले पाहिजे आणि तरी त्यात ताकद उरली पाहिजे. माझ्या गाडीचे मूळचे टायर सुमारे २९ इंच उंचीचे आणि डिफरन्शिअलमधले (दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेतले) क्राउन-पिनियन, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चाकांची जोडी, ३.७३ प्रमाणाची होती. ३५ इंची टायर चढवले की, तेच गिअर तोकडे पडतात, कारण मोठे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या आसांमध्ये, ४.८८ चे क्राउन-पिनियन बसवायचे ठरले. हिशेब करायचा तर पहिल्या गिअरचे ३.५९, लो रेंजचे (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरचे) २.७२ आणि एक्सलचे ३.७३ यांचा गुणाकार साधारण ३६ येतो. ४.८८ घातले की, तोच सुमारे ४८ होतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिन ३६ ऐवजी ४८ वेळा फिरते. खडकावरून उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता गाडी हळू सोडता येते, ती या फरकामुळे.

दुसरे काम दोन्ही एक्सलमध्ये हवेवर चालणारे लॉकर बसवण्याचे. साध्या डिफरन्शिअलची खोड अशी की, एक चाक हवेत लटकले, तर ते चाक रिकामेच गरगरते आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. लहान कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा बारीक निळ्या नळीने एक्सलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, जाते आणि डॅशबोर्डवरचे बटण दाबले की, लॉकर लागतो.

गॅरेजचा मालक बोलायला मोठा गोड होता. त्याने मला भिंतीवरचे मोआबचे फोटो दाखवले, कुठल्या खडकावर किती दाबाचे टायर ठेवायचे ते समजावले आणि तीन आठवड्यांनी गाडी दिली, तेव्हा बटण दाबून दाखवले. बटणात हिरवा दिवा लागला, बॉनेटखाली कॉम्प्रेसर घरघरला आणि फुस्स असा आवाज आला. मग त्याने एक सूचना दिली. नवे गिअर आहेत, तेव्हा पहिले ५०० मैल गाडी सावकाश चालवा, लॉकर लावू नका आणि नंतर तेल बदलायला या. यातली मेख अशी की, ही सूचना अगदी रास्त आहे. नवे क्राउन-पिनियन एकमेकांवर नीट बसेपर्यंत जपून चालवावे लागते आणि नंतर तेल बदलावेच लागते. त्याने खऱ्या सल्ल्याच्या आड दोन महिने विकत घेतले आणि त्या तेलबदलीचेही माझ्याकडून १८० डॉलर घेतले.

खुणा त्याच दिवसापासून दिसत होत्या. पूर्वी महामार्गावर ताशी ६५ मैलांना इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा २,३०० च्या थोडा वर असे. टायर मोठे आणि गिअर ४.८८ झाल्यावर तो २,५०० च्या आसपास जायला हवा होता. प्रत्यक्षात तो २,००० च्या खाली आला आणि मी घरी येऊन बायकोला सांगितले की, बघ, गाडी आता किती शांत चालते! कहोन खिंडीचा चढ चढताना गाडी सारखी तिसऱ्या गिअरवर घसरत होती, तेव्हा मी दोष टायरच्या वजनाला दिला. वेगकाटा बरोबर दाखवत होता, कारण टायरचे नवे माप गाडीच्या संगणकात इमानदारीने भरलेले होते. मी व्यवसायाने इंजिनिअर आहे, ही गोष्ट इथे लिहायला नको होती, पण लिहितो.

फेब्रुवारीत, मोआबच्या आधी एक सराव म्हणून, आम्ही तीन गाड्या घेऊन बार्स्टोजवळच्या कॅलिको डोंगरांत गेलो. एका साध्याच पायरीवर माझे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम उचलले गेले. मी लॉकरचे बटण दाबले, हिरवा दिवा लागला, आणि ती दोन चाके हवेत फिरत राहिली. बाकीची दोन ढिम्म होती. थोड्या वेळाने गाडी धक्के खात कशीबशी वर सरकली, कारण या गाडीत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी कंपनीचीच एक यंत्रणा असते. डिसेंबरात मी एका मातीच्या चढावर गाडी चालवून पाहिली होती, तेव्हा त्याच यंत्रणेने मला वर नेले होते आणि मी ते श्रेय लॉकरला दिले होते.

बरोबरचा मित्र काही बोलला नाही. तो वाळूत आडवा झाला, कॉम्प्रेसरपासून निघालेली निळी नळी बोटाने चाचपत मागे मागे गेला आणि त्याने मला खाली बोलावले. नळी चासीच्या कडेने व्यवस्थित नेलेली होती, दर फूटभर अंतरावर काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली. मागच्या एक्सलपाशी ती एका पत्र्याच्या मागे वळली होती आणि तिथे तिच्या तोंडात एक स्क्रू पिळून बसवलेला होता. हौसिंगवर नळी शिरायला भोकच नव्हते. पुढच्या एक्सलपाशीही तेच. इतकी नीटनेटकी खोटी नळी बांधायला जेवढा वेळ लागला असेल, त्यात थोडी भर घातली असती, तर निदान एक खरा लॉकर बसला असता, असे मला अजूनही वाटते.

लॉकर नाहीत, हे कळले. गिअर तरी बदलले असतील, अशी आशा मी घरी येईपर्यंत धरून होतो. रात्री पुण्याला मामांना फोन लावला. मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आणि डिफरन्शिअल उघडण्यात त्यांची हयात गेलेली.

“बदललं म्हणतोस, मग जुनं क्राउन-पिनियन कुठंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“ते मी मागितलं नाही, मामा.”

“का?”

“तो चांगला बोलत होता. मागणं बरं दिसलं नसतं.”

“अरे, आमच्याकडे जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवा मिळत नसे. तू घरचे पैसे घातलेस आणि तुला बरं दिसण्याची पडलीय? जा, खडू घे.”

मग त्यांनी सांगितले तसे केले आणि ही तपासणी कुणालाही अंगणात करता येते, म्हणून नीट लिहितो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागचे एक चाक जॅकने उचलून खाली घोडी लावली. दुसरे चाक जमिनीवरच ठेवायचे. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडून एक्सलला जोर देणाऱ्या लांब दांड्यावर, खडूने रेघ मारली, तिच्यासमोर हौसिंगवर दुसरी रेघ, आणि टायरवर तिसरी. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवायचे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेऱ्या घेतो ते मोजायचे. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक स्थिर असले की, दोन फेऱ्यांमागे शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या होतात, तेच गिअरचे प्रमाण. फोन बायकोच्या हातात होता आणि मामा पडद्यावरून मोजत होते. एक, दोन, तीन, आणि मग शाफ्ट पावणेचारवर थांबला. ४.८८ असते, तर तो पाचाला टेकायला आला असता. मी पुन्हा केले. पुन्हा पावणेचार.

दुसऱ्या गॅरेजात पैसे देऊन कव्हर उघडून घेतले, तेव्हा क्राउनच्या कडेवर ४१ आणि ११ हे आकडे ठोकलेले सापडले. क्राउनचे ४१ दात आणि पिनियनचे ११, म्हणजे ३.७३. कंपनीतून निघाले तेच. ४.८८ च्या जोडीत हे आकडे ३९ आणि ८ असतात. कव्हरला मात्र नवा काळा रंग दिलेला होता आणि कडेने ताजे सिलिकॉन लावलेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटावे, एवढ्यापुरते काम झाले होते.

त्याच दिवशी टायरही पाहिले. चार नवे होते. मागच्या दारावरच्या पाचव्याचा, स्टेपनीचा, पूर्ण सांकेतिक क्रमांक आतल्या बाजूला केलेला होता. हा क्रमांक टायरच्या एकाच बाजूवर पूर्ण असतो आणि त्याचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या स्टेपनीवर १८१५ होते, म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. पैसे नव्याचे घेतले होते.

गॅरेजवाल्याला भेटलो, तेव्हा तो आधी चकित झाला, मग म्हणाला की, एक्सलचे काम त्याने बाहेरच्या कारागिराकडून करून घेतले होते आणि तो कारागीर आता सोडून गेला आहे. हा युक्तिवाद मला ऐकायला पटणारा वाटला, कायद्याला मात्र त्याच्याशी देणेघेणे नाही. कॅलिफोर्नियात वाहनदुरुस्तीचा प्रत्येक व्यवसाय राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदवावा लागतो. त्याला कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यावे लागते आणि गिऱ्हाइकाने काम सोपवतानाच मागितले असेल, तर काढलेले जुने भाग परत द्यावे लागतात. हे ‘सोपवतानाच’ महत्त्वाचे आहे. मी ते चार शब्द अंदाजपत्रकाच्या खाली लिहिले असते, तर त्याला माझ्या गाडीतले ४१ आणि ११ माझ्या हातात ठेवावे लागले असते, आणि ते ठेवायचे तर गाडीतून काढावे लागले असते.

ब्युरोकडे तक्रार केली. ब्युरो मध्यस्थी करते आणि गॅरेजच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, पण आपले पैसे परत द्यायचा हुकूम ती देत नाही. त्यासाठी लहान दाव्यांचे न्यायालय आहे, जिथे जानेवारी २०२४ पासून एखाद्या व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि वकील उभा करता येत नाही. मी खडूच्या मोजणीचा व्हिडिओ, कव्हर उघडल्यावरचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जोडून दावा लावला. सुनावणीच्या आधीच गॅरेजवाल्याने ४,००० डॉलर दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले आणि मी ते मान्य केले. पहिला हप्ता आला. दुसऱ्यासाठी मी अजून पत्रे लिहितो आहे.

त्या ईस्टरला मोआबला जाणे झाले नाही. काम पुढच्या हिवाळ्यात दुसरीकडे करून घेतले. या वेळी मी अंदाजपत्रकावर जुने भाग परत हवेत असे लिहिले, कव्हर लावण्याआधी मला बोलवावे असे लिहिले, आणि बोलावल्यावर गेलोही. तिथल्या बाईंना याचा राग आला नाही. त्यांनी आपण होऊन नव्या क्राउनवरचे ३९ आणि ८ टॉर्चने दाखवले आणि हौसिंगमध्ये शिरणारी नळी हलवून दाखवली. जुन्या दोन्ही जोड्या एका खोक्यात घालून दिल्या. हे खोके उचलायला दोघे लागलो.

घरी आल्यावर मामांना पुन्हा फोन लावला. या वेळी मागची दोन्ही चाके उचलली, कॉम्प्रेसर भरू दिला आणि बटण दाबले. डावे चाक फिरवले, तसे उजवेही त्याच दिशेने फिरले, लॉकर नसता तर ते उलटे गेले असते. दोन्ही चाके बांधलेली असल्यामुळे आता एकाच फेरीत मोजायचे होते. बायकोने फोन शाफ्टजवळ धरला आणि मामा मोठ्याने मोजू लागले. चारनंतर ते गप्प झाले, खडूची रेघ पाचच्या थोडी अलीकडे येऊन थांबेपर्यंत.

“बरोबर आहे,” मामा म्हणाले. “तेल कुठलं भरलंय, ते पाहिलंस का?”

ते मी पाहिले नव्हते.