पार्ट्स कार घ्यावी का? ट्रायम्फ हेराल्डसाठी घेतलेल्या भंगार सलूनचा अनुभव

गंजलेली जुनी उघडी गाडी नीट करायला काढली, की कोणी ना कोणी सुचवतंच: त्याच मॉडेलची एखादी बंद पडलेली गाडी उचला, सुटे भाग फुकटात पडतील. फुकटात काहीही पडत नाही. तरीही ट्रायम्फ हेराल्ड या जुन्या ब्रिटिश गाडीपुरतं माझं मत पक्कं आहे. जागा असेल तर पार्ट्स कार घ्याच, फक्त इंजिन-गिअरबॉक्सच्या आशेने घेऊ नका. इंग्लंडमध्ये ते एरवीही मिळतात, दुरुस्त करून गॅरंटीसकट मिळतात. पार्ट्स कारचे पैसे वसूल होतात ते किडूकमिडकात आणि मापांत.

माझी गाडी म्हणजे १९६९ ची ट्रायम्फ हेराल्ड १३/६० कन्व्हर्टिबल. १२९६ सीसीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, वर कापडी टप. आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो. हेराल्ड बनवणारी स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी याच गावची. पण हेराल्डच का, याचं कारण सांगलीत आहे. बाबांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती आणि आमचं सगळं बालपण तिच्या मागच्या सीटवर गेलं. पार्ट्स कार म्हणून घेतली ती त्याच काळातली १३/६० सलून, म्हणजे पक्क्या छपराची दोन दारी. साडेसहाशे पौंड दिले. ती एका शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. तिची डिकी आणि मागच्या चाकांवरच्या कमानी पार सडलेल्या, पण पुढचा भाग कोरडा राहिलेला. सलूनला मागणी कमी, म्हणून ती कन्व्हर्टिबलपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि दारांच्या पुढचं जवळजवळ सगळं दोन्हींत तेच असतं.

हा खेळ इतर गाड्यांत इतका जमत नाही, हेराल्डमध्ये जमतो, त्याला इतिहास आहे. १९५० च्या दशकात बहुतेक कंपन्या चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा, सोडून एकसंध बॉडीकडे वळल्या होत्या. स्टँडर्डची अडचण अशी, की बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो कंपनी १९५३ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे थेट स्पर्धकाने, विकत घेतली. मग हेराल्डसाठी वेगळी चासी ठेवली आणि इटलीच्या मिकेलोत्तींनी आखलेली बॉडी तुकड्यातुकड्यांनी बनवून बोल्टने जोडायची ठरली. १९५९ च्या एप्रिलमध्ये गाडी बाजारात आली. तेव्हाची ती अडचण आज आमच्यासारख्यांना वरदान ठरली आहे. छप्पर बोल्ट काढून उचलता येतं. पुढची मडगार्डं आणि बॉनेट मिळून एकच तुकडा आहे, तो अख्खा पुढे उलटतो, आणि दोन माणसांनी धरला तर बाहेरही काढून ठेवता येतो. व्हिडिओ कॉलवर मी बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा बाबा पटकन म्हणाले, “अगं, पुढच्या चाकावर बसून प्लग बदलायचो आम्ही. वाकायची भानगडच नाही.” अजूनही तसंच बसता येतं, आणि मी बसते.

आता गंजाविषयी, कारण खरा कस तिथेच लागतो. हेराल्डची चासी म्हणजे मधोमध दोन मुख्य पट्ट्या आणि त्यांच्यापासून बाजूला निघालेले पोकळ हात. त्यांना आउटरिगर म्हणतात. बॉडी या हातांवर टेकते. पाणी आणि थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून काळ्या डांबरी लेपाचा जाड थर असतो, त्यामुळे सगळं धडधाकट दिसतं. माझ्या गाडीला डावीकडे स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकलं तेव्हा टणटण असा आवाज यायच्या ऐवजी बोद आवाज आला. टोक जरा दाबलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. लेप खरवडला तेव्हा खाली लोखंड नव्हतंच. आधीच्या कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून त्यावर लेप फासला होता.

नवे आउटरिगर विकत मिळतात, किंमतही रास्त असते. प्रश्न असतो तो कुठे बसवायचा. जुना हात जिथे सडून गेलाय तिथे बॉडीच्या बोल्टचं भोक मुळात कुठे होतं, किती उंचीवर होतं, हे सांगणारं काही उरलेलंच नसतं. सलूनने पहिले पैसे परत केले ते इथे. तिची डावी बाजू शाबूत होती. ती सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, प्रत्येक भोकातून ओळंबा सोडला आणि खाली फरशीवर खडूने खुणा केल्या. मग भोकापासून भोकापर्यंत सरळ मापं, तिरकी मापं, फरशीपासूनची उंची असं सगळं वहीत उतरवलं. कंपनीच्या पुस्तकात चासीची मापं असतात, पण शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या गाडीवर बोट ठेवून खात्री करता येणं ही वेगळीच सोय आहे. ज्या कंसांचे आणि कडांचे आकार कुठल्याच चित्रात नव्हते, त्यांचे पुठ्ठ्याचे साचे मी सलूनवरून कापून घेतले.

म्हणून पार्ट्स कार घरी आली रे आली की लगेच खोलायला घेऊ नये. आधी ती नुसती बघावी. वायरिंग कुठून कुठे जातं, हीटरची केबल कोणत्या बाजूने वळते, बॉडी आणि चासीच्या मध्ये कुठल्या जागी किती चकत्या घातल्यात, हे सगळं फोटोत धरून ठेवावं. हेराल्डमध्ये दाराच्या फटी या चकत्यांवर बसवतात. एखाद्या जागी चकती कमी-जास्त केली की दार वर किंवा खाली सरकतं. एका गाडीच्या चकत्या दुसरीला जशाच्या तशा चालत नाहीत, पण हात कुठून घालायचा याचा अंदाज येतो. आणि एक गोष्ट कन्व्हर्टिबलवाल्यांनी अजिबात विसरू नये: छपराचा आधार नसतो, म्हणून खालचा पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यावी, नाहीतर चौकट मिटते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

मग किडूकमिडूक. बॉनेट बंद होताना ज्या रबरी शंकूंवर येऊन बसतं ते शंकू, बाजूच्या खिट्ट्या, काच वर-खाली होते त्या पन्हाळीतले कंस, दार मर्यादेपलीकडे उघडू नये म्हणून असलेली पट्टी, नट धरून ठेवणारे छोटे पिंजरे, डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणाच्या बिजागऱ्या. यातलं एकेक सुटं मागवायचं तर वस्तू दोन पौंडाची आणि टपाल चार पौंडांचं. काही गोष्टी नव्या बनतच नाहीत. बोल्टही तसेच. बहुतेक इंची, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचे, त्यांना अर्धा इंच, सात-षोडशांश असे पाने लागतात. मेट्रिक पाना लावला तर डोकं गोल होणारच. सलूनमधून निघालेले बोल्ट मी जागेनुसार पिशव्यांत भरले. गंज काढायला बिल्ट हॅम्बरची डीऑक्स-सी पावडर वापरली. ती पाण्यात विरघळवायची आणि भाग त्यात बुडवून ठेवायचे. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. भाग करडे होऊन बाहेर येतात, त्यांना लगेच पुसून प्रायमर मारावा लागतो. लहान भागांसाठी याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही. वायर ब्रशने आट्यांच्या तळातला गंज निघत नाही, याने निघतो.

पार्ट्स कारमधून काय घेऊ नये हेही तेवढंच महत्त्वाचं. ब्रेकची रबरं, पेट्रोलचे पाइप, टायर यांना हातही लावू नये. आणि पुढच्या सस्पेन्शनचे ट्रनियन. चाक धरणारा पोलादी उभा दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर बसतो आणि स्टेअरिंग वळवलं की त्याच आट्यांत फिरतो. त्यात ईपी ९० हे घट्ट गिअर तेल भरायचं असतं. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं तिथे ग्रीस भरलं. ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी साचतं, दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी तुटतो. चाक आडवं होऊन गाडी खाली बसते. सलूनचा दांडा बाहेर काढला तेव्हा वरचे आटे चकाकत होते आणि अगदी तळाशी, जिथे नजर जात नाही, तिथे खड्ड्यांची एक रांग होती. दोन्ही बाजूंचे भाग मी भंगारात टाकले आणि नवे घेतले. बसवताना ध्यानात ठेवा, एका बाजूचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे असतात.

विकणाऱ्याने गिअरबॉक्स उत्तम आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. दुसऱ्या गिअरचं सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खडखड न करता पडावा म्हणून असलेली रचना, गेलेलं निघालं. सलूनमधला आणि माझा, असे दोन्ही उघडून त्यातून एक चांगला करून घेतला, म्हणून तोटा झाला नाही. पण बंद गाडीच्या गिअरबॉक्सची किंमत शून्य धरूनच सौदा करावा. दारांची रबरं एका विक्रेत्याकडून नवी मागवली, ती इतकी कडक होती की दार खांद्याने ढकलावं लागे. सलूनच्या जुन्या रबराचा तुकडा कापून त्याचा आकार दाखवला, तेव्हा दुसरीकडून बरोबर मिळाली. टपाचा सांगाडा आणि मागच्या बाजूचं अस्तर मात्र सलूनमधून मिळणार नाही हे आधीच धरून चाला. खर्चाचा तो मोठा आकडा आहे.

कागदपत्रांचं नीट ऐका. सलूनची चासी माझ्या चासीपेक्षा बरी होती, आणि माझी बॉडी तिच्यावर चढवून मोकळी हो, असं सुचवणारे भेटलेच. मी ते केलं नाही. डीव्हीएलए, म्हणजे इथलं गाडी-नोंदणी खातं, गाडीची ओळख ठरवताना मूळ चासीला बरंच वजन देत आलंय. चासी बदलली की ती १९६९ ची गाडी राहते का इथूनच वाद सुरू होतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर शून्य आणि एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, सक्ती नाही, ही सवलतही मग धोक्यात येते. एमओटी मी तरीही करून घेणार, दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून ब्रेक गेलेले बरे. सलून रस्त्यावर येणार नाही असं एसओआरएन करून कळवलं होतं. उरलेला सांगाडा अधिकृत भंगारवाल्याकडे देऊन नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घेतलं. मागची काच, छप्पर आणि सीट एका सलूनवाल्याने नेली, त्यातून चारशे पौंड सुटले.

जागेचं गणित मात्र कठीण. दोन गाड्या खोलल्या की चार गाड्यांची जागा खातात. आमच्या घरात जेवणाच्या खोलीत डॅशबोर्ड होता आणि पाहुण्यांच्या पलंगाखाली बंपर. नवऱ्याने हे सगळं सहन केलं, एवढंच नाही तर बॉनेटचं दुसरं टोकही त्यानेच धरलं.

पुण्या-कोल्हापुरात ज्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे त्यांच्यासाठी: तुमच्या गाडीचं इंजिन ९४८ सीसीचं, त्यामुळे इथल्या १३/६० चं इंजिन नजरेसमोर ठेवून भाग मागवू नका. चासीवरचे भाग मागवतानाही आधी जुन्या भागाचा फोटो आणि माप पाठवा, कारण मद्रासला पुढे चार दारी हेराल्ड आणि मग गॅझेल निघाली, आणि सगळ्यांना एकच भाग बसेल असं नाही. बंद पडलेली स्टँडर्ड कुठे गोठ्यात उभी दिसली तर आधी डाव्या-उजव्या आउटरिगरवर ठोकून बघा, मगच भाव विचारा.