फडक्याने पुसलं आणि रंगच हातात आला

गाडीला घरीच रंग मारावा का, या विचारात असाल तर माझं काय झालं ते आधी वाचा. मी स्वतः रंगवली नाही आणि धड वर्कशॉपमध्येही दिली नाही. मधला मार्ग काढला आणि तिथेच फसलो.

गाडी जुनी. टपावरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सोलत आलेला, मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंज. घासकाम मला जमलं असतं. अडलं ते स्प्रेपाशी. टिकाऊ टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रंगात हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा भाग) मिसळावा लागतो आणि त्यातली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक असतात. एकदा त्यांची ॲलर्जी जडली की पुढे जराशा वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. धुळीचा साधा मास्क तिथे काही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा लागतो. घरात लहान मूल आहे, म्हणून मी तो नाद सोडला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

नेमका तेव्हाच ओळखीतून एक पेंटर भेटला. "तुमच्या दारात येऊन करून देतो साहेब, टू-केच मारणार." पहिल्या दिवशी क्लिअरचा सीलबंद डबा आणि हार्डनरची बाटली त्याने माझ्यासमोर ठेवली. मी फोटो काढला, अर्धे पैसे दिले. दोन दिवस घासकाम झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "इथे धूळ फार आहे, शेवटचा हात माझ्या शेडमध्ये मारतो." धुळीचं कारण खरंच होतं, म्हणून मला शंका आली नाही. गाडी, डबा, बाटली, सगळं घेऊन गेला. चार दिवसांनी गाडी आणली ती रात्री, दिव्याखाली. चकाकत होती. उरलेले पैसे मी तिथल्या तिथे दिले.

दीड महिन्याने पेट्रोल भरताना झाकणाखाली एक ओघळ आला. मी फडक्याने पुसला. फडकं निळं झालं! ओघळाच्या जागी बोट लावलं तर रंग चिकट लागत होता.

एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून दाराच्या आतल्या कडेला घासला. बोळाही निळा. "यात हार्डनर पडलेलाच नाही," ते म्हणाले. "पक्का वाळलेला टू-के असा सुटत नाही." मग पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावरून फिरवलं. वर घट्ट धरत होतं, खालच्या कडेला गळून पडलं. गंज न काढताच त्यावर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापली होती. लांबी ओल धरून ठेवते, त्यामुळे आत गंज वाढतच होता.

पेंटरला फोन केला. "तुम्ही गाडी उन्हात ठेवली," म्हणाला. त्यानंतर फोन उचलणं बंद. माझ्याकडच्या फोटोत डबा आहे. स्प्रे गनमध्ये काय भरलं ते कुठेच नाही. पावतीही मी मागितली नव्हती.

म्हणून कळकळीने सांगतो, काम कोणालाही द्या, पण लांबी भरण्याआधी गंज काढलेला उघडा पत्रा बघा. हार्डनर डोळ्यांदेखत मिसळू द्या, त्या दिवशी रजा काढावी लागली तरी चालेल. गाडी दिवसाउजेडीच ताब्यात घ्या. शेवटचे पैसे काही दिवस राखून ठेवा आणि रंग पक्का वाळला की झाकल्या कडेला थिनरचा बोळा घासून बघा. जो पेंटर याला नाही म्हणेल, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

या कच्च्या रंगावर नुसता नवा टू-के मारता येत नाही. नव्या रंगातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. सगळं खरवडून काढावं लागतं. ते घासकाम आता सुटीच्या दिवशी मी स्वतः करतोय. स्प्रे मिस्त्रींच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, होईल, हार्डनर माझ्यासमोर मिसळायचं त्यांनी आपणहून कबूल केलंय. परवा मागच्या दाराची लांबी निघाली. खाली अंगठ्याएवढं भोक आहे.